आरआर डिबगरचा रिव्ह्यू: वाली नसलेल्या प्रोग्रॅमचा क्रॅश उलटं जाऊन पकडायचा असेल तर

आधी निकाल सांगतो, ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी. आरआर हा डिबगर, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधायचं साधन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फक्त लिनक्सवर चालतो, शिकायला पहिला दिवस डोकं खातो, आणि सी किंवा सी प्लस प्लसमधला एखादा जुना प्रोग्रॅम तुमच्या गळ्यात पडला असेल ज्याचा मूळ लेखक आता मेलला उत्तर देत नाही, तर बाकी काही शिकायच्या आधी हे शिका. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच, बराच राग आहे त्यात.

आता ज्या कामासाठी वापरला ते. आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव एका छोट्या प्रोग्रॅमवर चालते. सीमध्ये लिहिलेला, जीटीके २ या लायब्ररीने काढलेली खिडकी, आत एसक्यूलाईटची एक फाईल, म्हणजे अख्खा डेटाबेस त्या एकाच फाईलमध्ये, बस. नाव लिहीत नाही, ज्याने कोणी लिहिला त्याने फुकट दिला आणि बरीच वर्षं वाचनालयाने तो बिनतक्रार वापरला, त्याची बदनामी करायची नाहीये. पण रिपॉझिटरी, म्हणजे सोर्स कोड ठेवलेली जागा, कधीचीच अर्काइव्ह करून टाकलीये, म्हणजे गिटहबवर फक्त वाचता येते, इश्यू (तक्रार) टाकता येत नाही की पुल रिक्वेस्ट (दुरुस्ती) पाठवता येत नाही. विचारायला कोणीच नाही. "मग कोहा टाका की" असं म्हणणारे येणार हे माहीत आहे, कोहा हा वाचनालयाचा सगळा कारभार सांभाळणारा प्रोग्रॅम चांगलाच आहे, न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी बनला आणि आता जगभर चालतो, पण त्याला सर्व्हर लागतो, मार्क या ग्रंथालयांच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये नोंदी लागतात, आणि इथे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक ग्रंथपाल आहे, अनुदान कधी येईल त्याचा नेम नाही. ते पुढे कधीतरी. आज पावती निघाली पाहिजे.

तक्रार अशी होती की दंडाची पावती छापायला गेलं की खिडकी गायब. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "साधी पावती निघते हो, दंडाची म्हटली की जातं ते उडून, आणि परत चालू केल्यावर कधी कधी पहिली निघते पण त्यावर भलतंच काहीतरी छापतंय." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच होती. दंड घ्यायचा ठरावच कार्यकारिणीने अलीकडे केला, त्यामुळे इतकी वर्षं त्या बटणाकडे कोणी फिरकलंच नव्हतं.

आरआरकडे वळायच्या आधी सगळेच करतात ते नेहमीचे प्रकार केले. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये एक ओळ मिळाली, सेगफॉल्ट अ‍ॅट झिरो, एरर ६. सेगफॉल्ट म्हणजे प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी चाळवली म्हणून सिस्टिमने तो मारला. हा सहा फार कामाचा आहे, त्याचा अर्थ प्रोग्रॅमने अशा पानावर लिहायचा प्रयत्न केला जे मेमरीत नाहीच, आणि पत्ता शून्य म्हणजे नल पॉइंटरवर, कुठेच बोट न दाखवणाऱ्या पत्त्यावर, लिहिलं. कोर फाईल, म्हणजे मरताना प्रोग्रॅमच्या मेमरीची घेतलेली प्रत, जीडीबी या नेहमीच्या डिबगरमध्ये उघडली तर ओळसुद्धा दाखवली: पावतीवर आडनाव वेगळं आणि नाव वेगळं छापायचं म्हणून प्रोग्रॅम नावातली पहिली स्पेस शोधतो आणि तिच्या जागी शून्य बाईट ठोकतो, कारण सीमध्ये स्ट्रिंग कुठे संपली हे शून्य बाईटवरूनच कळतं. स्पेस सापडलीच नाही तर काय, हे तपासलेलंच नाही. सापडली नाही, नल आला, त्यावर लिहिलं, मेला.

इथे शंभरातले नव्वद जण थांबतात, "नल असेल तर लिहू नको" अशी एक अट घालतात आणि क्रॅश मिटवला म्हणून चहा प्यायला जातात. पण त्या सभासदाच्या नावात स्पेस होती! डेटाबेस उघडून बघितलं, आडनाव, मग एक स्पेस, मग नाव, सगळं व्यवस्थित. मग मेमरीत ती स्पेस गेली कुठे? कोर फाईलमध्ये त्या पॉइंटरपाशी जे होतं ते नाव नव्हतंच, काहीतरी सहा बाईटचा कचरा आणि मग शून्य. म्हणजे क्रॅश झाला ती ओळ बिचारी चोरी झालेल्या घराच्या मालकासारखी, पोलिसांनी तिलाच धरून नेलं तर चोर सापडणार कसा.

आणि कोर फाईलची नेमकी हीच अडचण आहे. ती मेल्यानंतरचा फोटो आहे, तो कचरा तिथे कोणी आणि कधी टाकला हे तिला माहीत नसतं.

मग सोर्स बांधायला घेतला, त्यातही नाटकं. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती १० पासून, म्हणजे २०२० पासून, एकच ग्लोबल व्हेरिएबल हेडरमध्ये नुसतं लिहून सगळ्या फाईलींत घेतलं तर लिंकर "मल्टिपल डेफिनिशन" म्हणून ओरडतो, आधी तो मुकाट्याने एकत्र करायचा. एफ-कॉमन हा फ्लॅग दिला की जुनी सवय परत येते. उबुंटू २४.०४ वर जीसीसी १३ आहे म्हणून निभावलं, १४ असता तर जाहीर न करता वापरलेल्या फंक्शनवर सरळ एररच दिली असती, आधी ती नुसती वॉर्निंग होती. असो, डिबगची माहिती घालून आणि ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड झालं.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला. मेमरीतल्या चुका पकडणारा कंपायलरचा हा पहारेकरी माझा नेहमीचा लाडका, कारण सोडून दिलेली मेमरी कोणी वापरली तर कुठे घेतली, कुठे सोडली आणि कुठे वापरली असे तिन्ही स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची उतरंड, छापून देतो. इथे त्याने तीच नलवाली ओळ दाखवली आणि गप्प. व्हॅलग्राइंड, तसलंच मेमरी तपासणारं साधन, चालवला, प्रोग्रॅम गोगलगाय झाला, जीटीकेच्या फुटकळ तक्रारींचा ढीग आला, आणि कामाचं काय तर परत तीच ओळ. दोघंही म्हणतायत की सोडलेली मेमरी कोणीही वाचलेली नाही. हे दोघं गप्प बसले की माणूस हैराण होतो कारण मग शंका स्वतःच्या डोक्यावर यायला लागते. गप्प का बसले ते पुढे सांगतो, त्याला फार सुंदर कारण आहे.

आता आरआर. हा मोझिलात सुरू झाला, फायरफॉक्सच्या ज्या टेस्ट कधी पास कधी फेल होतात त्यांचा पिच्छा पुरवायला, आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी जाहीर झाला. नावाचा अर्थ रेकॉर्ड आणि रिप्ले. प्रोग्रॅम एकदा आरआरखाली चालवायचा, तो बाहेरून आत येणारी प्रत्येक गोष्ट टिपून ठेवतो, म्हणजे सिस्टिम कॉलची उत्तरं, सिग्नल, घड्याळ, कुठला थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बरोबरीने चालणाऱ्या कामांपैकी कुठलं, कधी चालला, सगळं. थ्रेड कितीही असले तरी एका वेळी एकच चालवतो. आणि अधूनमधून येणारे सिग्नल रिप्लेमध्येही अगदी त्याच इन्स्ट्रक्शनवर यावेत म्हणून सीपीयूच्या आतल्या परफॉर्मन्स काउंटरवर किती कंडिशनल ब्रँच, म्हणजे अट बघून घ्यायची वळणं, होऊन गेल्या ते मोजतो. त्यामुळे रिप्ले करताना प्रोग्रॅम बिट न् बिट तसाच चालतो, पत्तेसुद्धा तेच. कागदावर एक पॉइंटर लिहून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी रिप्ले केल्यावरही तो पॉइंटर त्याच वस्तूकडे बोट दाखवत असतो. ज्याने रोज बदलणारे पत्ते बघत रात्री काढल्यात त्यालाच याची किंमत कळेल.

आणि खरी करामत म्हणजे उलटं जाता येतं. जीडीबीच्याच कमांड, फक्त पुढे रिव्हर्स. रिव्हर्स-स्टेप, रिव्हर्स-नेक्स्ट, रिव्हर्स-फिनिश, रिव्हर्स-कंटिन्यू. जीडीबीत स्वतःचंही रेकॉर्ड आहे, वापरून बघितलं असेल तर माहीत असेल, प्रत्येक इन्स्ट्रक्शन नोंदवतो त्यामुळे असह्य हळू, आणि सी लायब्ररीतलं एखादं एव्हीएक्स इन्स्ट्रक्शन दिसलं की "हे मला जमत नाही" म्हणून अंग टाकतो. दोघांची तुलनाच नको.

इन्स्टॉल करायला एक कमांड पण चालू करायला तेवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा चालवलात की तो बहुतेक नकार देईल, कारण परफॉर्मन्स काउंटर सामान्य युझरला वापरू द्यायचे की नाही याची कर्नलमध्ये एक सेटिंग आहे, परफ-इव्हेंट-पॅरानॉइड नावाची, ती १ किंवा त्याखाली लागते आणि उबुंटू ती चढीच ठेवतो. ती खाली आणायची, सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतं. पण ही सुरक्षेची सेटिंग आहे, काम झालं की परत वर न्या. एएमडीचा झेन सीपीयू असेल तर अजून एक छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते, ती त्यांच्या विकीवर आहे, नाही चालवली तर रिप्ले मध्येच भरकटतो. सीपीयू अगदी नवा असेल तर डिस्ट्रोतला, म्हणजे तुमच्या लिनक्सबरोबर येणारा, आरआर त्याला ओळखतच नाही, मग त्यांच्या साईटवरून ताजा घ्यायचा. आणि मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथे काउंटर आत पोचतच नाहीत. त्याच प्रकारच्या केव्हीएममध्ये चालतो, व्हीएमवेअरमध्ये सेटिंग चालू केलं तर चालतो. विंडोज मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून लिनक्स शिकणाऱ्या आपल्याकडच्या निम्म्या पोरांचा पत्ता इथेच कट होतो, आणि कापलेल्या अर्ध्या गुणातला पाव इथला.

माझा लॅपटॉप जुना इंटेल, तिथे सुरळीत चालला. वाचनालयाच्या डेटाबेसची कॉपी आणली, आरआर रेकॉर्ड म्हणून प्रोग्रॅम चालू केला, खिडकी आली, किंचित जड वाटली पण व्यवस्थित वापरता येत होती, एका उशीर केलेल्या सभासदाची दंडाची पावती काढली, निघाली, त्यावर नावाच्या जागी कचरा. दुसरी काढली, उडाला. मस्त. बग हजर असताना टेप चालू आहे याचा आनंद वेगळाच असतो, आता तो कितीही लाजरा असला तरी हातातून सुटत नाही.

आरआर रिप्ले म्हटलं की जीडीबीचा प्रॉम्प्ट येतो आणि प्रोग्रॅम अगदी सुरुवातीला उभा असतो, मेन फंक्शनच्याही आधी, नवखा माणूस इथे बावचळतो की क्रॅश कुठेय. कंटिन्यू करा, तो पळत जाऊन क्रॅशवर थांबतो. आता नावाच्या पॉइंटरपाशी आठ बाईट बघितले. देवनागरी युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाईटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येक अक्षर तीन बाईटचं, म्हणजे आडनाव "कदम" असेल तर सुरुवात ई०, ए४, ९५ (हे सगळे हेक्स आकडे) अशी हवी, हा "क", मग परत ई०, ए४ असं पुढे. रोज मराठी डेटा बघणाऱ्याला हे ई० ए४ चेहऱ्यासारखं ओळखता येतं. तिथे ई० चा मागमूस नव्हता. पाच काहीतरी आकडे, सहावा ५५, आणि मग दोन शून्यं. ही खूण ज्याला माहीत आहे तो लगेच उठून बसेल: चौसष्ट बिटच्या लिनक्सवर हीपचा, म्हणजे प्रोग्रॅमने चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीचा, पत्ता उलट्या क्रमाने मेमरीत लिहिला की असाच दिसतो, शेवटची दोन शून्यं आणि त्याआधी ५५ नाहीतर ५६. म्हणजे नावाच्या डोक्यावर कोणीतरी एक पॉइंटर लिहून ठेवलाय. आठ बाईट गेले म्हणजे "कद" पूर्ण गेलं आणि "म" चा दोनतृतीयांश, आणि सातव्या बाईटला शून्य आल्याने सीच्या लेखी स्ट्रिंग तिथेच संपली. पुढचं नाव आणि ती स्पेस मेमरीत तशीच शाबूत होती, पण शून्याच्या पलीकडे, तिथपर्यंत कोणी पोचणारच नाही.

आता फक्त विचारायचं की हे आठ बाईट शेवटचे कोणी लिहिले. त्या जागेवर वॉच लावला, वॉच नंतर डॅश एल लावायचा म्हणजे व्हेरिएबलवर नाही तर त्या पत्त्यावर पहारा बसतो, हे महत्त्वाचं, नाहीतर फंक्शन संपलं की पहारेकरी घरी जातो. मग रिव्हर्स-कंटिन्यू. पहिल्यांदा तो परत त्याच सेगफॉल्टवर थांबतो, घाबरू नका, उलटं निघताना त्याला तो सिग्नल पुन्हा लागतो, परत म्हणा. आणि मग एका क्षणात, माझ्या त्या खटारा लॅपटॉपवर खरंच क्षणात, तो थेट एसक्यूलाईटच्या पोटात जाऊन उभा राहिला, दंडाची नोंद टेबलमध्ये लिहिली जात होती तिथे. अजून मागे गेलो, आणि मागे, आणि मग तो स्टॅक आला ज्यासाठी सगळं चाललं होतं: सगळ्यात वर एसक्यूलाईटचं मेमरी परत करणारं फंक्शन, त्याखाली रिसेट, म्हणजे क्वेरी परत सुरुवातीला नेणारं फंक्शन, त्याखाली या प्रोग्रॅमचं स्वतःचं एक आवराआवरीचं फंक्शन, आणि त्याखाली दंड मोजणारं. वॉचने जुनी किंमत आणि नवी किंमत दाखवली, त्यातल्या एका बाजूला ई० ए४ ९५ चे तेच बाईट होते. म्हणजे या क्षणापर्यंत नाव जिवंत होतं.

प्रकार असा होता. पावतीवालं फंक्शन सभासदाची क्वेरी चालवतं, एसक्यूलाईटकडून नावाचा पॉइंटर घेतं आणि तसाच हातात धरून ठेवतं, कॉपी करत नाही. एसक्यूलाईटच्या कागदपत्रात स्वच्छ लिहिलंय की हा पॉइंटर पुढच्या स्टेप, रिसेट किंवा फायनलाइजपर्यंतच चांगला, त्यानंतर तो तुमचा नाही. आता दंड असेल तर मधे दंडाचं फंक्शन येतं, आणि त्याला टेबलमध्ये लिहायचं असतं, आणि लिहायच्या आधी ते डेटाबेसच्या कनेक्शनवरची झाडून सगळी स्टेटमेंट (तयार क्वेरी) रिसेट करून टाकतं. वर कॉमेंट, "डेटाबेस इज लॉक्ड" येऊ नये म्हणून. ज्याने एसक्यूलाईटवर काम केलंय त्याला हे वाचून हसू येईल, त्या एररने सगळ्यांनाच कधी ना कधी असले उपाय करायला लावलेत. दंड नसेल तर रिसेट नाही, पॉइंटर शाबूत, पावती ठीक. दंड असेल तर पायाखालची जमीन गेली. दोन्ही फंक्शनं वेगवेगळी वाचली तर दोन्ही बरोबर वाटतात, कोड कितीही डोळ्यात तेल घालून वाचा.

आता सॅनिटायझर आणि व्हॅलग्राइंड गप्प का बसले. एसक्यूलाईट छोट्या छोट्या तुकड्यांसाठी दर वेळी सिस्टिमकडे मेमरी मागत नाही. प्रत्येक कनेक्शन उघडताना एक मोठा तुकडा एकदाच घेतो, त्याचे सारखे खण पाडतो आणि मग स्वतःच देतो आणि स्वतःच परत घेतो, याला लुकअसाइड म्हणतात, ३.३१ या २०२० च्या आवृत्तीपासून तर त्यात छोटे १२८ बाईटचे खणही वेगळे आहेत. सभासदाचं नाव अशाच खणात बसलेलं. खण मोकळा झाला की त्याच्या पहिल्या आठ बाईटमध्ये एसक्यूलाईट पुढच्या मोकळ्या खणाचा पत्ता लिहून ठेवतो, साखळी करायला. तोच आपला ५५ वाला पॉइंटर! बाहेरून बघणाऱ्या सॅनिटायझरच्या दृष्टीने तो सगळा मोठा तुकडा अजून घेतलेलाच आहे, सोडलेला नाहीच, मग तो ओरडेल कशाला. व्हॅलग्राइंडचंही तेच. त्यांची चूक नाही, त्यांना आतला व्यवहार दिसतच नाही. एवढं कळल्यावर एक आडवाटही आहे, कनेक्शन उघडल्या उघडल्या लुकअसाइड शून्यावर आणून बंद करायचा, की मग सगळी देवघेव सिस्टिमच्या मॅलोकमधून होते आणि व्हॅलग्राइंड मुकाट बोट दाखवतो. करून बघितलं, दाखवतो. पण हे सुचायला आधी रोग लुकअसाइडमध्ये आहे हे माहीत हवं ना, आणि ते आरआरने सांगितलं.

बाईंच्या त्या भलत्याच छपाईचंही उत्तर ओघात मिळालं. प्रोग्रॅम नुकता चालू केला असेल तर दंडाची नोंद करणारी क्वेरी तेव्हाच पहिल्यांदा तयार होते, आणि तिचा मजकूर जपून ठेवायला एसक्यूलाईट एक खण घेतो, आणि नुकताच मोकळा झालेला नावाचा खण नेमका तिच्या वाट्याला. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत स्पेस असतातच, त्यामुळे क्रॅश नाही, पावती निघते, आणि सभासदाच्या आडनावाच्या जागी छापलेलं असतं "इन्सर्ट", त्या क्वेरीचा पहिला शब्द. दुसऱ्या पावतीच्या वेळी क्वेरी आधीच तयार असते, खणात उरतो फक्त साखळीचा पत्ता, त्यात स्पेस नाही, उडाला. म्हणजे पहिली कचरा आणि दुसरी क्रॅश, बाई म्हणत होत्या तस्सं. वापरणारा माणूस जे सांगतो ते शब्दशः लिहून घ्यावं, आपण मनातल्या मनात त्याचं "कधी कधी क्रॅश होतो" करून टाकतो आणि अर्धा पुरावा तिथेच केराच्या टोपलीत जातो.

दुरुस्ती काय, तर पॉइंटर घेतल्या घेतल्या नावाची कॉपी करायची, जीटीकेबरोबर जीलिब असतंच, त्यात एका शब्दाचं फंक्शन आहे, आणि शेवटी ती मोकळी करायची. शिवाय एकाच शब्दाचं नाव असलेल्या सभासदासाठी ती नलची अट घातली ती वेगळी. तशीच चूक अजून कुठे आहे का बघायला सोर्समध्ये एसक्यूलाईटकडून पॉइंटर घेणारं तेच फंक्शन शोधलं तर बारकोड छापण्याच्या ठिकाणीही सापडली, तिथे अजून कोणाची पावलं पडली नव्हती इतकंच.

आता तक्रारी. चालू असलेल्या प्रोग्रॅमला आरआर मधूनच जोडता येत नाही, सुरुवातीपासून त्याच्याच खाली चालवावा लागतो, म्हणजे वाचनालयात सकाळपासून चालू असलेला प्रोग्रॅम दुपारी बिघडला तर तुम्ही हात चोळत बसा. जे प्रोग्रॅम भरपूर थ्रेड घेऊन सीपीयूचे सगळे कोअर वापरतात ते एका कोअरवर आले की रांगतात. फक्त थ्रेडच्या वेळेमुळे होणारा बग असेल तर आरआरखाली तो येईलच असं नाही, त्यासाठी केऑस मोड दिलाय, मुद्दाम वेडावाकडा थ्रेड बदलतो, मला इथे लागला नाही. ट्रेस, म्हणजे आरआरने केलेली रेकॉर्डिंगं, होम फोल्डरच्या आत एका लपलेल्या फोल्डरमध्ये साठत जातात आणि कोणी साफ करत नाही, डिस्क भरली की मग आठवण येते.

आणि एक गोष्ट कोणी फारसं बोलत नाही. ट्रेस म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीत आलेलं सगळं. त्यात सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर सगळं आलं. "माझा ट्रेस बघून सांगा ना" म्हणून ते पुडकं कोणालाही पाठवू नका, आधी खोटी नावं घातलेल्या डेटाबेसवर रेकॉर्ड करा. ट्रेस दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर आधी आरआर पॅक करावं लागतं, नाहीतर लायब्ररीच्या फाईली त्यात नसतात, आणि दोन मशीनचे सीपीयू फार वेगळे असले तर तरीही रुसतो.

दिसायला म्हणाल तर काहीच दिसत नाही, काळा टर्मिनल आणि जीडीबी. जीडीबी येत नसेल तर आरआर तुमच्या काही कामाचा नाही, आधी एक आठवडा तिकडे घालवा. डिस्ट्रोच्या लायब्ररीत शिरलं की अर्धे व्हेरिएबल ऑप्टिमाइज्ड आऊट, म्हणजे त्यांची किंमत दिसतच नाही, जीडीबीला डिबग-इन्फो-डी या नेटवरच्या सर्व्हरमधून सिंबॉल आणायला हो म्हटलं की निदान फंक्शनची नावं तरी नीट येतात, नेट लागतं आणि पहिल्यांदा वेळही लागतो. आरआरच्याच मूळ लोकांनी काढलेलं पर्नोस्को आहे, ब्राउझरमध्ये तोच ट्रेस सुंदर दाखवतं, पण ट्रेस त्यांच्या सर्व्हरवर जातो, वर लिहिलेल्या कारणाने मी त्या वाटेला गेलो नाही.

विंडोजवाल्यांना मायक्रोसॉफ्टचं टाइम ट्रॅव्हल डिबगिंग आहे, २०१७ पासून त्यांच्याच विंडबग डिबगरमध्ये मिळतं, तेही फुकट आणि तेही उलटं जातं, आणि ते चालू प्रोग्रॅमला मधूनही जोडता येतं, यात ते सरस. रेकॉर्ड करताना मात्र बरंच हळू. मॅकवर आरआर नाही.

पॅच, म्हणजे केलेली दुरुस्ती, कुठे पाठवायचा हा प्रश्न राहिलाच, अर्काइव्ह केलेल्या रिपॉझिटरीत पाठवायला जागा नाही. फोर्क, म्हणजे रिपॉझिटरीची स्वतःची वेगळी प्रत, करून तिथे ठेवलाय, वर्णनात "दंडाची पावती काढताना क्रॅश" असं मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिलंय म्हणजे तोच प्रोग्रॅम वापरणारं दुसरं कोणी वाचनालय शोधत आलं तर सापडेल, आणि बिल्डची एक कॉपी ग्रंथपाल बाईंच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर. बारकोडचं लेबल छापायचं त्यांनी परवा सुरू केलंय.